टिकास हाती, नकाशा कुणाकडे?

१३ जानेवारी २०१८. संक्रांतीच्या आदल्या दिवशी अकोल्यात मोर्णेच्या काठावर सहा हजारांहून जास्त माणसं उतरली. चार किलोमीटरचा पट्टा, दोन्ही काठांवर मिळून चौदा ठिकाणं, शंभरावर संस्था, कॉलेजची पोरं, म्हातारीकोतारी, घरच्या बाया. जलकुंभीचे भारेच्या भारे ओढून काठावर टाकले गेले. हाक जिल्हा प्रशासनाची होती, तेव्हाचे जिल्हाधिकारी आस्तिक कुमार पांडेय स्वतः पुढे होते, आणि नदी स्वच्छ होईपर्यंत दर शनिवारी सकाळी जमायचं असं ठरलं होतं. त्याच महिन्याच्या २८ तारखेला पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये अकोलेकरांचं कौतुक केलं. एखाद्या नदीच्या वाट्याला इतकी माणसं आणि इतकी शाबासकी क्वचित येते.

जलकुंभी पुन्हा आली. ती येणारच होती, कारण तिला लागणारं खत शहराच्या नाल्यांतून रोज नदीत पडत होतं.

मोर्णेची ही गोष्ट कुणाला नावं ठेवण्यासाठी सांगायची नाही. त्या शनिवारी चिखलात उतरलेल्या माणसांची नियत साफ होती आणि अधिकाऱ्यांचीही. पण कामाची वाटणी पाहण्यासारखी आहे. जलकुंभी उपसणं हे हातांचं काम, त्यासाठी गाव बोलावलं गेलं. कोणत्या नाल्याचं पाणी कुठे वळवायचं, भुयारी गटार कोणत्या वस्तीपासून सुरू करायचं, काठाची जागा धोब्याची, भाजीवाल्याची की फिरायला येणाऱ्यांची, हे निर्णय मात्र कार्यालयात, आराखड्यावर आणि निविदेत होतात. तिथे सहा हजारांतल्या कुणाला खुर्ची नव्हती. वऱ्हाडातल्या हिरव्या कामांचा गेल्या दहा वर्षांचा हिशेब मांडला, तर हाच धागा जागोजागी हाताला लागतो. माणसांकडून श्रम मागितले जातात, मत मागितलं जात नाही. आणि जिथे मत मागितलं गेलं, किंवा माणसांनी ते कायद्यानं मिळवलं, तिथलं काम अभियान संपल्यावरही उभं राहिलेलं दिसतं.

सरकारी भाषेत ज्याला हरित पायाभूत सुविधा म्हणतात, त्यात अमरावती-अकोल्यात काय काय येतं? डोंगरउतारावरचे सलग समतल चर, खारपाणपट्ट्यातली शेततळी, गावाची ई-क्लास म्हणजे चराईची जमीन, मेळघाटच्या पायथ्याचं जंगल, वडाळी आणि छत्री तलाव, अंबा नाल्याचे काठ, रस्त्याकडेच्या झाडांची सावली. सावलीला इथे शोभेची वस्तू समजण्याची सोय नाही. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या वर गेला तेव्हा अकोल्याच्या प्रशासनाला उन्हासाठी जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं. दंगलीसाठी असलेलं कलम उन्हासाठी वापरावं लागणाऱ्या शहरात झाड कुठे लावायचं हा प्रश्न पाण्याच्या टाकीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

लोकसहभागावर जगभर भरपूर लिहिलं गेलं आहे. अमेरिकेतल्या शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सर्वांत खाली लोकांना नुसतं गुंडाळणं, मध्ये माहिती देणं आणि सल्ला विचारणं, सर्वांत वर निर्णयच लोकांच्या हाती. ही शिडी वऱ्हाडाला लावून पाहिली की एक गंमत होते. श्रमदान तिच्यावर कुठे ठेवायचं तेच कळत नाही. घाम गाळण्याच्या बाबतीत गाव सगळ्यांत वरच्या पायरीवर, ठरवण्याच्या बाबतीत खालून दुसऱ्या-तिसऱ्या.

याला इथला इतिहासही कारण आहे. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी हातातल्या खराट्यानं रस्ते झाडत आणि रात्री कीर्तन करत. मोझरीच्या गुरुकुंजातून तुकडोजी महाराजांनी सामुदायिक श्रमाला प्रार्थनेची जोड दिली. त्यामुळे गावासाठी टिकास-फावडं उचलायला वऱ्हाडी माणसाला फार समजवावं लागत नाही. नंतरच्या अभियानांनी बाबांचा खराटा घेतला, कीर्तन मात्र मागे ठेवलं. त्या कीर्तनात बाबा समोरच्या माणसांना एकामागून एक प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत.

प्रश्न विचारण्याच्या जवळ जाणारा अलीकडचा प्रयोग वरूडला झाला. पाणी फाउंडेशनची पहिली सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये तीनच तालुक्यांत भरली. साताऱ्यातलं कोरेगाव, बीडमधलं अंबाजोगाई आणि अमरावतीतलं वरूड. एकशे सोळा गावं उतरली. पुढच्या वर्षी तालुके तीस झाले, २०१८ मध्ये पंच्याहत्तर. पन्नास लाखांचं पहिलं बक्षीस आणि आमिर खानचं नाव यांची चर्चा जास्त झाली, पण स्पर्धेतली खरी नवी गोष्ट प्रशिक्षणात होती. गावानं ग्रामसभेत ठराव करून भाग घ्यायचा, आपली माणसं प्रशिक्षणाला पाठवायची, त्यांत बायाही हव्यात. तिथे ही माणसं ‘ए’ आकाराची लाकडी चौकट आणि पाण्याची नळी घेऊन समपातळी रेषा आखायला शिकत. गावी परतल्यावर चर कुठे खणायचा हे सांगणारा माणूस गावातलाच असे. इंजिनिअर नंतर येई.

नववीपर्यंत शिकलेली बाई चुन्याची फक्की टाकत डोंगरावर रेषा ओढते आणि मागून गाव खणत येतं, हे दृश्य ज्यांनी पाहिलं त्यांना लोकसहभाग म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागलं नाही.

पण वरूड म्हणजे संत्रा. वरूड-मोर्शीच्या बागांनी जमिनीखालचं पाणी इतकं ओढलं आहे की अतिउपशाच्या यादीत या तालुक्यांचं नाव वर्षानुवर्षं येतं. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुटतो आणि सगळा उन्हाळा पाणी मागतो. चरातून मुरलेलं पाणी कुणाच्या बोअरमध्ये उतरणार? ज्याचं बोअर खोल, त्याच्या. खणायला आलेल्यांत भूमिहीन मजूरही होते, त्यांच्या वाट्याला फार तर मे महिन्यात टँकरची एखादी खेप वाचली. स्पर्धेत पाणीबचतीचा विषय होता, राज्याचा २००९ चा भूजल कायदाही साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना आवर घालू पाहतो. तरी जमवलेलं पाणी कोण किती उपसणार याचा निवाडा शेजाऱ्याशेजाऱ्यांत बसून करणं हे पंचेचाळीस दिवसांच्या उत्साहाचं काम नव्हे. पाणी अडवताना गाव एक होतं, वाटताना पुन्हा सातबाऱ्यांवर विखुरतं.

वरूडहून खाली पूर्णेच्या खोऱ्यात आलं की प्रश्नच पालटतो. अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांतून जाणारा खारपाणपट्टा काही हजार चौरस किलोमीटरचा आहे. वर काळी भारी चिकणमाती, खाली खारं पाणी. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा महाराष्ट्रभर भिंतींवर रंगली, पण तिचा उत्तरार्ध इथे चालत नाही. गोडं पाणी जिरवलं तर ते खाऱ्याला जाऊन मिळतं आणि पुन्हा हाती येत नाही. म्हणून इथला शेतकरी विहिरीऐवजी शेततळं मागतो. त्यातही गोम आहे. जुलैच्या झडीत वावर चिबडतं, तेव्हा पाणी बाहेर काढायचं असतं. सप्टेंबरच्या उघाडीत पराटी माना टाकते, तेव्हा तेच पाणी परत द्यायचं असतं. धुऱ्याचा उतार कुठे, पांदण कुठे तुंबते, कुणाच्या वावरातून पाणी गेलं तर भांडण होतं, हे मुंबईत तयार झालेल्या अंदाजपत्रकाला कसं ठाऊक असणार? ते त्या शिवारात राबणाऱ्यालाच ठाऊक असतं.

हे ओळखून आखलेली मोठी योजना म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. सगळे त्याला ‘पोकरा’ म्हणतात. जागतिक बँकेनं २०१८ मध्ये त्यासाठी ४२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. पहिल्या टप्प्यातल्या ५,१४२ गावांपैकी ९३२ गावं खारपाणपट्ट्यातली होती. कागदावर रचना चांगली. गावात ग्राम कृषी संजीवनी समिती, शिवारफेरी, जमिनीवर रांगोळीनं काढलेला गावाचा नकाशा, आयआयटी मुंबईनं बसवून दिलेल्या पद्धतीनं पाण्याचा ताळेबंद, आणि या सगळ्यांतून निघालेला गावाचा सूक्ष्म आराखडा. शिवारफेरीत काय काय बाहेर आलं हे वाचायला मिळालं तर या भूभागाचं पाणीपुराणच हाती लागेल.

अडचण अनुदानाच्या स्वभावात आहे. ठिबक, तुषार, शेडनेट, मोटार यांचे पैसे अर्जदाराच्या खात्यात थेट येतात, त्यामुळे त्यासाठी रांग लागते. नाल्याचं काम, सामाईक तळं, पाणी निघून जायला वाट काढणं ही कुणा एकाची कामं नसतात, त्यांच्यासाठी भांडायला कुणी उभं राहत नाही. गावाला एकत्र बसवून आराखडा करून घ्यायचा आणि पैसे मात्र एकेकट्याला द्यायचे, या विसंगतीवर योजनाकारांनी अजून पुरेसा विचार केलेला दिसत नाही.

शिवाय ‘स्थानिक लोक’ म्हणजे कोण, हा प्रश्न खारपाणपट्ट्याइतका टोकदार दुसरीकडे कुठे नसेल. बाळापूर आणि अकोला भागातल्या ६९ गावांना वान धरणातून गोडं पाणी द्यायची योजना झाली. तेल्हारा-अकोटच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, कारण सिंचनाचं पाणी कमी होईल. योजनेला स्थगिती आली. एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख खाऱ्या पाण्याचा टँकर घेऊन अकोल्याहून नागपूरला पायी निघाले, उपमुख्यमंत्र्यांना हे पाणी दाखवायला. राजकारण त्यात होतंच. पण दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसं स्थानिकच होती, एकाच जिल्ह्यातली, आणि दोघांचंही म्हणणं खरं होतं. अशा वेळी एका काठावर जनसुनावणी घेऊन दुसऱ्याला वर्तमानपत्रातून कळवायचं ही रीत भांडण लावून देते. दोन्ही काठांना एका सतरंजीवर आधी बसवलं असतं तर ते मिटलं असतं असा दावा कुणी करू नये. निदान ते भांडण टँकर रस्त्यावर येण्याआधी झालं असतं.

पाणी अडवण्याच्याच राज्याच्या जलयुक्त शिवार अभियानाबद्दल थोडक्यात. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या या अभियानावर ९,६३४ कोटी रुपये खर्च झाले आणि भूजल पातळीवर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, असं महालेखापरीक्षकांनी २०२० च्या अहवालात नोंदवलं. आकड्यांवर वाद झाले, होत राहतील. नाला खोल-रुंद करण्याच्या कामात पोकलेनचे तास मोजले जात होते, ग्रामसभेत बसलेली माणसं कुणी मोजत नव्हतं, एवढं मात्र वादाबाहेर आहे.

परतवाड्याहून मेळघाटाकडे जाताना डोंगराच्या पायथ्याशी पायविहीर लागतं. कोरकू आदिवासींचं छोटं गाव. भोवतालचं जंगल जळणाच्या तोडीनं आणि चराईनं उघडं पडलेलं होतं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेनं सामूहिक वनहक्काचा दावा केला आणि २०१२ मध्ये १९३ हेक्टरवर हक्क मिळाला. दावा करणं म्हणजे एक अर्ज भरणं नव्हे. जुने पुरावे, सीमा, शेजारच्या गावांची संमती, वनखात्याशी पत्रव्यवहार, सगळं गावानं ‘खोज’ या संस्थेच्या मदतीनं केलं. मग बैठका बसल्या. कुऱ्हाडबंदी कुठे, चराई कुठे बंद आणि कुठे चालू, रोजगार हमीतून कोणती कामं मागायची, झाडं कोणती लावायची. गावानं माती-पाण्याची कामं घेतली, राखण स्वतः केली. काही वर्षांत सीताफळ इतकं आलं की ते ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावानं शहरांतल्या बाजारात गेलं. २०१४ मध्ये देशाच्या जैवविविधता पुरस्कारांत पायविहीरचं नाव आलं. उपातखेडा, खतिजापूर, जामापूर ही आजूबाजूची गावंही याच वाटेनं गेली.

पायविहीर आणि मोर्णा यांत फरक कशाचा? उत्साहाचा नाही, तो मोर्णेवर जास्त होता. माणसांच्या संख्येचा तर नाहीच. पायविहीरच्या ग्रामसभेला नाही म्हणता येत होतं. रोप कोणतं हे ती ठरवू शकत होती, आणि चुकीचं ठरलं तर नुकसानही तिचंच होतं. सीताफळाचा पैसा गावात येत होता, म्हणून रात्री जंगलात कुऱ्हाडीचा आवाज आला तर उठून जाणारा माणूस तयार होता. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये देशात पहिल्यांदा असा हक्क मिळवला, त्याआधी कितीतरी वर्षं तिथे अभ्यासगट चालत होते आणि निर्णय बहुमतानं नव्हे तर सर्वसहमतीनं होत होते. असल्या गोष्टींना वेळ लागतो, आणि वेळ हीच एक वस्तू आहे जी कोणत्याच योजनेच्या अंदाजपत्रकात धरलेली नसते.

त्याच मेळघाटात उलटंही घडलं. १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे गाभ्यातली गावं उठवून अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर बसवली गेली. पुनर्वसन ऐच्छिक होतं, कुटुंबाला दहा लाखांचं पॅकेज होतं, ग्रामसभांची संमती होती. पण जंगलातून आलेल्या माणसाला वावर, पाणी, दवाखाना, मजुरी यांतलं काय मिळालं आणि काय राहिलं याचा हिशेब कागदावर पूर्ण आणि घरात अपुरा राहिला. जानेवारी २०१९ मध्ये उठवलेल्या गावांतली काही माणसं पुन्हा जंगलात गेली आणि पोलीस-वनकर्मचाऱ्यांशी त्यांची चकमक झाली. वाघाला मोकळी जागा मिळाली हे खरं, आणि ती हवीही होती. पण संमतीचा अंगठा घेतला की विचारणं संपलं असं मानल्यावर काय होतं, तेही त्या दिवशी दिसलं.

सध्या सगळ्यांची नजर ई-क्लास जमिनीवर आहे. वऱ्हाडातल्या गावांची ही चराईची सरकारी जमीन, इतर महाराष्ट्र जिला गायरान म्हणतो. वनविभागाला तिथे रोपं लावायची असतात. २०१९ मध्ये तेहतीस कोटी झाडांचं लक्ष्य होतं तेव्हा खड्डे खणायला जागा हवी म्हणून हीच जमीन समोर आली, आणि त्यातली किती झाडं जगली यावर नंतर विधिमंडळाची चौकशी समिती नेमावी लागली. आता शेतीच्या फिडरला दिवसा वीज देण्यासाठी सौर प्रकल्पांना तीच जमीन हवी आहे. भूमिहीनांची अतिक्रमणं तिच्यावर जुनी आहेत. आणि गाई-शेळ्या तिथे रोज जातातच.

यांत सर्वांत कमी ऐकला जाणारा आवाज फासेपारध्यांचा. शिकारीमुळे बदनाम झालेल्या या समाजाइतकी माळरानाची माहिती क्वचितच कुणाला असेल. कोणतं गवत कधी बी धरतं, तणमोर कुठे अंडी घालतो, आग कोणत्या महिन्यात लागू द्यायची नाही, हे त्यांना पाठ. अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ संस्थेनं त्यांच्यासोबत काम सुरू केलं, तेव्हा पारध्यांनीच काही माळं मोकाट चराईपासून राखली आणि गवत परत आणलं. वृक्षारोपणाच्या लक्ष्यात मात्र गवताला जागाच नसते. माळाला ‘पडीक’ म्हणून नोंदवलं की त्यावर काहीही लावता येतं, झाडही आणि काचेचं पॅनलही. सौर वीज नको असं कुणी म्हणत नाही. पण पारध्यांचा तांडा ग्रामसभेच्या यादीत धड नसेल, तर ग्रामसभेचा ठराव कायद्यानं पक्का असूनही त्यात माळाचा खरा जाणकार नसतो.

शहरांची अवस्था याहून बिकट म्हणावी लागेल. खेड्याला निदान ग्रामसभा आहे. अमृत अभियानात २०१५ पासून अकोला आणि अमरावती दोन्ही शहरं आली, त्यात उद्यानं-हिरव्या जागांसाठी निधीचा अडीच टक्क्यांपर्यंत वाटा ठेवलेला होता. या बागा कुठे झाल्या? बहुतेक जिथे महापालिकेची जागा मोकळी होती तिथे, म्हणजे ज्या ले-आउटनं नियमाप्रमाणे जागा सोडली होती तिथे. नाल्याकाठच्या दाट वस्तीत मोकळी जागाच नसते, म्हणून तिला झाडही मिळत नाही. मार्च २०२२ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि पुढे दीर्घकाळ प्रशासक बसले, तेव्हा तक्रार घेऊन जायला नगरसेवकही उरला नाही. महापालिका कायद्यात २००९ च्या दुरुस्तीनं क्षेत्रसभेची तरतूद आहे, प्रभागातल्या मतदारांनी जमून कामं सुचवायची. अमरावतीत क्षेत्रसभा कधी भरली हे चौकात विचारून पाहावं, प्रश्नच आधी समजावून सांगावा लागेल. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात छोटी कामं सुचवता येतात. त्यातून बाक आणि पदपथच जास्त निघतात हे खरं, पण निदान अर्ज कुठे द्यायचा हे तिथे लोकांना माहीत आहे.

अमरावतीच्या वडाळी-छत्री तलावांवर हा प्रश्न रोज दिसतो. सकाळी फिरणाऱ्यांना काँक्रीटचा ट्रॅक हवा, विसर्जनाच्या दिवशी लोकांना पाण्यापर्यंत वाट हवी, पक्षी पाहणाऱ्यांना काठावरचं गवत हवं, आणि पोहऱ्याच्या जंगलातून बिबट्या येतो त्याला यातलं काहीच नको. यातल्या प्रत्येकाला एकटं गाठून विचारलं तर चार आराखडे निघतील.

विचारायचं कधी, हाही साधा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हाव्यात असा कायदा आहे आणि रिवाजानं त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला होतात. वऱ्हाडी शेतीचं पंचांग शेजारी ठेवून पाहावं. जानेवारीच्या शेवटी तूर काढणीला असते. मे महिन्यात उन्हानं पारावर बसवत नाही. ऑगस्टमध्ये निंदण-डवरणी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सोयाबीनची सोंगणी, तीही पावसाच्या भीतीनं घाईची. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, आणि या चारपैकी तीन दिवशी बाया वावरात असतात. झेंडावंदनाला जमलेल्या पोरांच्या पुढ्यात रजिस्टर फिरतं, कोरम भरतो, आराखडा मंजूर होतो.

मेळघाटात तर हिशेब आणखी वेगळा. दिवाळीनंतर कोरकू कुटुंबं मजुरीला बाहेर पडतात, डिसेंबरात गावात म्हातारे आणि लहान पोरं उरतात. सगळी माणसं घरी येतात ती होळीला. जंगल, पाणी, चराई यांबद्दल गावाला काही विचारायचं असेल तर होळीच्या आगेमागे जावं, तेव्हा घरोघर माणूस असतो आणि बोलायला सवडही असते. नेमके ते दिवस मार्चमधले, आणि तेव्हा अमरावती-अकोल्यातली सगळी कार्यालयं वर्षाचा निधी खर्ची टाकण्याच्या धांदलीत असतात.